लेगबायचे चार रन

आमच्या कुवेतमधल्या रिग्गईच्या क्लिनिकमधले रेकॉर्ड क्लार्क रत्नागिरीकडचे. मी तिथली लॅब सांभाळते. ते फाईल कधी हातात देत नाहीत. टेबलावर ठेवून तिच्यावर दोनदा टिचकी मारतात. शुक्रवारी आमच्या क्रिकेट टीमचा स्कोअर लिहितात आणि चहाच्या वेळी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बेसबॉलचे सरासरीवीर ऐकवतात. कुणी विचारलेलं नसतं.

"एका वर्षी तिकडे बॅट न लावता मिळालेला बेससुद्धा हिट धरला, बाई. सगळ्यांच्या सरासऱ्या फुगल्या. पुढे रेकॉर्डबुकात खाली आणल्याच ना! फुकटचं किती दिवस मिरवणार?"

गेल्या महिन्यात मोसमाची शेवटची मॅच झाली. सर्वोत्तम सरासरीचा कप आमच्या मुख्य डॉक्टरांना थोडक्यात हुकत होता. त्यांच्या पायाला लागून गेलेले चार रन क्लार्कनी लेगबाय लिहिले होते.

"ते माझ्या नावावर टाका," डॉक्टर म्हणाले. "बॅट लागली होती. आणि हो, तुमच्या इकाम्याच्या, राहण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीचे कागद माझ्याच सहीला आलेत ना?"

क्लार्कनी पेन पुढे केलं. "तुम्हीच टाका, डॉक्टर, आणि बाजूला सही करा. मी लिहिलं तर लेगबायच लिहीन."

डॉक्टर हसले, पण पेन घेतलं नाही. कप फार्मसिस्टला गेला.

इकामा वाढला नसता तर या माणसाला कुवेत सोडावं लागलं असतं. रविवारी ते कागद मीच डॉक्टरांपुढे ठेवले आणि सही होईपर्यंत समोरची खुर्ची सोडली नाही.