जहन्नमचाचाचा अबोला

सौदीतल्या यान्बूच्या कामगार कॅम्पात शांतवन भिंगारदिव्याला सगळे जहन्नमचाचा म्हणत. हे नाव ठेवलं रत्नागिरीच्या उमैरने. "चाचा, तुमचा देव कायम भट्टी पेटवूनच बसलेला दिसतो," असं म्हणून तो खो खो हसायचा. शांतवनला हसू येत नसे. इतर कशावरही थट्टा करा, नरकावर केलेली त्याला खपत नसे.

माणूस राहुरीकडचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी त्याच्या खोलीत पाच-सहा जण जमत. इथे उघड उपासना चालत नाही, म्हणून दार लावून, एसी मोठा करून दबक्या आवाजात गाणी म्हणत. मग शांतवन बोलायला उभा राही. देवाच्या प्रीतीवर बोलायचं तर त्याची जीभ अडखळे, पण न्यायाचा दिवस म्हटला की गडी असा काही फुलायचा, की विचारू नका. खिडकीतून रिफायनरीच्या धुराड्यावर कायम जळणारी मशाल दिसायची. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणे, "ही आग कंपनी बंद करू शकते. ती कोण बंद करणार?" ऐकणारे खिडकीकडे बघायचं टाळत, आणि शांतवनला उपासना चांगली झाली असं वाटे.

कामही त्याला स्वभावाला साजेसं मिळालं होतं. तो होलवॉच होता. शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात तेव्हा, प्रचंड टाक्या उघडतात, माणसं मॅनहोलमधून आत उतरतात आणि तोंडाशी एक जण पहाऱ्याला बसतो. त्याला विचारल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. आणि काही झालं तरी त्याने स्वतः आत जायचं नाही. आत हवा नसली तर वाचवायला गेलेलाही मरतो, म्हणून हा नियम. शांतवनने तो कधी मोडला नाही. नियम मोडणाऱ्यांचा त्याला मनापासून राग होता.

नीलेश साळवे हा त्याच्याच गावचा फिटर. बाप लहानपणीच गेलेला. आई शेवंता हिने निघताना पोराचा हात शांतवनच्या हातात दिला होता. "भावजी, तुमच्या पदरात टाकते," म्हणाली होती. पोरगा हसरा, कामाला वाघ, पण संगतीने बिघडला. कॅम्पात चोरून गाळलेली दारू प्यायला लागला. शुक्रवारी यायचा बंद झाला.

गावाकडच्या चर्चच्या मंडळीत जुनी रीत होती. चुकणाऱ्याला आधी एकट्याने समजवायचं, मग दोघा-तिघांनी, मग सगळ्यांसमोर. तरी ऐकलं नाही तर मंडळीबाहेर. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही. चुकलो म्हणाला की पुन्हा जवळ घ्यायचं. ही रीत शांतवनने खोलीतल्या पाच-सहा माणसांच्या मंडळीला लावली. पहिल्या आठवड्यातच बाकीचे ढिले पडले. परदेशात गावच्या पोराशी किती दिवस तोंड फिरवून राहणार? शांतवन मात्र ढिम्म हलला नाही. नीलेश रोज सकाळी "काका, जय ख्रिस्त" म्हणायचा आणि काका भिंतीकडे बघायचे. हट्टाला धर्म म्हटलं की माणसाला झोप चांगली लागते, तशी त्याला लागत होती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नीलेश काम करत होता त्या टाकीतून माणसं बाहेर काढून तिच्यात नायट्रोजन सोडला होता. तोंडाशी बसलेल्या शांतवनला ते सांगितलं होतं, नीलेशला नाही. नायट्रोजन आतली हवा हाकलून देतो, आणि त्याला वास नसतो, रंग नसतो. नीलेश लवकर जेवून आला.

"काका, माझा पाना आत राहिला. घेऊन येऊ का?"

शांतवनने तोंड फिरवलं. नको म्हणायचं हे त्याच्या मनात होतं, अगदी ओठावर होतं. पण आधी चुकलो म्हणू दे, मग बोलू, असं त्याला वाटलं. पुन्हा विचारील, पाया पडत विचारील.

"नका बोलू," नीलेश म्हणाला. "असा गेलो नि असा आलो."

शांतवनने मान वळवली तेव्हा मॅनहोलमध्ये फक्त हेल्मेट दिसत होतं. मग तो ओरडला. शिट्टी फुंकली, वॉकीटॉकीवर हाका मारल्या, पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातला. पण आत गेला नाही. नियम होता. मास्क लावलेली माणसं आली आणि त्यांनी नीलेशला वर काढलं. अंगावर साधा ओरखडा नव्हता. झोपल्यासारखा दिसत होता.

चौकशीत ठरलं की कामगार न विचारता आत शिरला. नीलेशने विचारलं होतं हे शांतवन बोलला नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबाने उलट त्याचंच कौतुक केलं, घाबरून आत उडी मारली नाही म्हणून. टाळ्या पडल्या. उमैर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चाचा, तुमी तरी काय करणार होतात?" त्या दिवसापासून उमैरने त्याला जहन्नमचाचा म्हणून हाक मारली नाही.

पुढच्या शुक्रवारी विश्वास-अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं, तो म्हणताना शांतवन मध्येच थांबला. ख्रिस्त मेल्यावर अधोलोकात उतरला, अशी त्यात एक ओळ आहे. लहानपणापासून ती त्याच्या तोंडून धडाधडा निघत होती. देव खाली उतरला होता. मेलेल्यांच्यात, जिथे कुणी जात नाही तिथे. आणि शांतवन तोंडाशी बसून राहिला होता, जिवंत असलेल्या पोराशी एक शब्द न बोलता. नरकात आग असते असं त्याने जन्मभर सांगितलं. त्या टाकीत आग नव्हती. गारवा होता, शांतता होती, आणि वर ओळखीचा माणूस तोंड फिरवून बसला होता. शांतवनला पहिल्यांदा नरकाची खरी भीती वाटली, आणि ती नीलेशसाठी नव्हती.

नीलेशची पेटी गावी पोहोचली. माती झाली. मग शेवंताचा फोन आला.

"भावजी, एकच सांगा. माझ्या लेकराशी शेवटचं काय बोललात तुमी?"

खोटं बोलणं सोपं होतं. जय ख्रिस्त म्हणालो, एवढं सांगितलं असतं तरी माउलीने ते उराशी धरलं असतं. शांतवनने सगळं सांगितलं. दारू, अबोला, पाना, नीलेशने विचारलेलं, आपण फिरवलेलं तोंड. सांगून झाल्यावर तो शापाची वाट बघत उभा राहिला. खरं तर त्याला तो हवाच होता.



"आज नाय बोलवत माझ्यानं," शेवंता म्हणाली. "पर उद्या फोन करा. मी उचलंन. तुमी माझ्या लेकराला केलं तसं तुम्हाला नाय करायची मी."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर त्याने फोन केला. तिने उचलला. तेव्हापासून तो रोज करतो आणि ती रोज उचलते. "बोला भावजी," म्हणते आणि थांबते. शांतवन फोन कानाला लावून उभा राहतो, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.