उस्तादांची नक्कल

लढाईची वर्षं होती. सगळे ब्रह्मदेशाच्या वाटेला लागलेले, आणि सॅपर म्हणून, म्हणजे फौजेच्या खणकाम-बांधकामाला, भरती झालेल्या मला पोस्टिंग मिळालं कुठं? हिंगोलीला! माझं गोरेगाव तिथून बैलगाडीनं एका दिवसावर. आईनं निरोपाला बांधून दिलेले लाडू संपायच्या आत मी 'आघाडीवर' हजर.

काम कॅम्पसाठी विहीर खणण्याचं. साडेपाचला रेव्हेली, म्हणजे उठायचं बिगुल, सहाला पीटी. मधल्या वेळात आमचे हवालदार रूपला, बंजारा तांड्यावरचे, साऱ्या तुकडीचे उस्ताद, घोंगडीवर मांडी घालून डोळे मिटत. लक्ष फक्त श्वासावर. तो इतका बारीक, की मी नाकापुढं धरलेला कापूस जेमतेम हले. मी समोर बसून त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. ताठ पाठ, सैल खांदे, मंद श्वास. चार महिने, रोज. सगळी तुकडी हसून लोळायची. उस्ताद डोळे न उघडता म्हणत, "पाठ वाकली रं, नकल्या."

एके दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. झऱ्याच्या शोधात विहिरीच्या तळाशी काढलेल्या आडव्या बोगद्यात आम्ही दोघंच. टेकू कडकडले. मुरूम खाली आला, वाट बुजली, कंदील विझला. मला हात पसरता येईना. उस्ताद कमरेपर्यंत ढिगाऱ्यात.

मी ओरडत सुटलो.

"गप. हवा थोडी हाय."

"मला न्हाई मरायचं, उस्ताद!"

"मंग माझी नक्कल कर."

"आत्ता?"

"व्हय. रोज बिनहुकमी करतोस. आज हुकूम हाय."

मांडी घालायला जागा नव्हती. पाठ ताठ केली, खांदे सोडले, त्यांच्या श्वासावर माझा श्वास ठेवला. हळूहळू छातीतली धडधड उतरली. पलीकडून पहारींचे ठोके येत होते.

"उस्ताद, पाठ बराबर हाय का?"

त्या अंधारात त्यांना काय दिसणार! तरी म्हणाले, "बराबर हाय."

पुढं त्यांचा श्वास ऐकू येईना. तो तर नेहमीच बारीक. मी निश्चिंत बसलो.

चार वाजून वीस मिनिटांनी उजेड दिसला. आधी मला ओढलं, मग त्यांना. कंपाउंडरनं नाडी पाहिली आणि टोपी काढली. मी खेकसलो, "कापूस आण! ह्यांचा श्वास असाच असतो."

त्यानं आणला. मी नाकापुढं धरला. बराच वेळ धरला.

आजही मी साडेपाचला उठून घोंगडीवर बसतो. शेजारी म्हणतात, फौजी ध्यान करतो. ध्यान उस्ताद करत. मी त्यांची नक्कल करतो, आणि पाठ वाकली की माझी मीच सरळ करतो.