शालूआत्याची भिंत

काल दुपारी शालूआत्या गेली. भिंतीपलीकडे पिक्चर चालू होता आणि आम्हाला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

लालबागची आमची चाळ आणि शेजारचं थिएटर यांच्यात एकच भिंत. आत्याची खोली त्या भिंतीला लागून. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आजीच्या मागे गिरणीतल्या गाववाल्यांची खानावळ तिनेच चालवली.

आणि खानावळ चालायची भिंतीवर.

पलीकडे इंटरव्हलचा गलका झाला की भात लावायचा. शेवटची हाणामारी सुरू झाली की ताटं मांडायची. पिक्चर बघायला तिला वेळ कुठे होता? पण डायलॉग सगळे पाठ. व्हिलन फारच माजला तर भाकरी थापता थापता त्याला मालवणीत शिव्या घालायची.

गिरण्या गेल्या, खानावळ गेली, मग थिएटरलाही टाळं लागलं. आत कबुतरं आणि उंदीर.

त्यातच आत्या पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिसऱ्या मजल्यावरची ती खाट तिला कायमची चिकटली. मी तिच्यासोबतच राहत होते. ऑफिसातून आले की पहिला प्रश्न ठरलेला. थिएटर कधी चालू करतायत?

मालकांच्या नातवाने ते पाडायचं सोडून पूर्वीसारखं उभं करायचं ठरवलं, तेव्हा मी पेढे आणले होते. आत्याने अर्धा खाल्ला आणि म्हणाली,

"आता आवाज येईसर मी काय मरूचंय नाय."

मग आमच्या चाळीने शहाणपणा केला.

गॅलरीत मीटिंग झाली. कोणाचं वर्क फ्रॉम होम, कोणाचं तान्हं बाळ, कोणाची परीक्षा. थिएटर खुशाल चालू करा, पण आवाज आमच्या घरात नको. मालकांचा नातू बिचारा सज्जन, लगेच हो म्हणाला. भिंतीला आतून जाड साउंडप्रूफिंग बसवायचं ठरलं. चाळ जिंकली, सगळ्यांना चहा झाला.

मी तेव्हा ऑफिसात होते. घरी आल्यावर कळलं की सेक्रेटरी आत्याच्या दारात येऊन विचारून गेला, आणि आत्याने खाटेवरून हात वर केला.

मी भडकले. म्हटलं, तुला वेड लागलंय का?

ती म्हणाली, "बाजूच्या राऊताच्या चेडवाची बारावी आसा. माका आवाज व्हयो म्हणान तेचा वरीस फुकट घालवू?"

मग माझी समजूत काढल्यासारखं: "गो, थोडो तरी येतलो."

खरं सांगते, थिएटर सुंदर झालंय. बाल्कनीचा लाकडी कठडा, जुनी लादी, बाहेरचा मोठ्या अक्षरांचा बोर्ड, सगळं होतं तसं. तुम्ही सगळ्यांनी स्टोरी टाकल्या, हेरिटेज म्हणून हार्ट टाकले. मीही टाकले.

ओपनिंगच्या शुक्रवारी आत्याने सकाळीच न्हाऊ घालायला लावलं. वेणी घालून घेतली, धुतलेलं लुगडं मागितलं. खाट भिंतीला पार चिकटवून घेतली.

खाली फटाके वाजले. नारळ फुटला. शो सुरू झाला.

आम्ही दोघी बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने तिने तळहात भिंतीला लावला आणि विचारलं, "लायट गेली काय गो तेंची?"

मी उठून पंखा बंद केला, खिडकी लावली. तरी काही नाही. शेवटी मी मोबाइलवर एक जुना पिक्चर लावून तिच्या उशाशी ठेवला. तिने माझ्यासाठी थोडा ऐकला आणि बंद कर म्हणाली.

त्यानंतर ती भिंतीकडे पाठ करून झोपायला लागली. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले वय झालंय. असेल.

चार पोरं खुर्चीवर बसवून तुला थिएटरात नेतील म्हटलं, तर हसली. "आता मी खाली उतरतलंय ती चौघांच्या खांद्यावरच."

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. चाळीत कोणी गेलं की थिएटरवाले देह हलेपर्यंत आवाज कमी ठेवायचे. भिंत एकच ना. काल जुने मॅनेजर, ज्यांना मुद्दाम परत बोलावून घेतलंय, तिसरा मजला चढून आले. आत्याला हात जोडले आणि सवयीने मला हळूच म्हणाले, "ताई, सहाच्या खेळाचा आवाज कमी करायला सांगतो."

बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं.

मी म्हटलं, "कमी नको. गल्लीकडचे दरवाजे उघडा."

सेक्रेटरी म्हणाला, बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील. मी मॅनेजरांना परत म्हटलं, उघडा.

आत्याला खाली आणलं, गल्लीत वळलो, तर दरवाजे सताड उघडे. मला वाटलं होतं एखादं गाणं असेल, काहीतरी गंभीर असेल. कसलं काय. आत कॉमेडी सीन चालू होता. बायको नवऱ्याला झापत होती आणि अख्खं थिएटर खो खो हसत होतं.

खांदेकरी आपोआप थांबले. कोणी पुढे चला म्हटलं नाही. दोन म्हातारे मात्र तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. मी योग्य केलं का, मला अजून कळत नाहीये.

पण तिला आवाज हवा होता. तो तिच्या कानावर गेला तेव्हा तिचे कान उरले नव्हते, हे माझ्या मनातून जात नाही.

भोईवाड्याच्या स्मशानातून आलो. घरात चूल पेटवायची नव्हती. राऊतवहिनी, त्या बारावीतल्या मुलीची आई, झाकलेलं पातेलं घेऊन आल्या, ठेवलं आणि दारातच रडत उभ्या राहिल्या. त्यांच्यावर रागवायचं खूप मनात होतं. जमलं नाही.

पलीकडे इंटरव्हल कधी झाला ते कळलं नाही. भात शेजारून आला होता.

शालूआत्या, सावकाश जा गो.