दत्तू दोनदा गेला

दत्तू गेला त्या सकाळी मी पहिला फोन बन्नूरला केला, आमच्या चुलत बहिणीला. बातमी सांगितली. मग ती हळूच म्हणाली, "आक्का, ह्या वेळी नक्की ना?" मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते. माझा धाकटा भाऊ आमच्याच घरात, मधल्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी मीच घातलं होतं. तरी "नक्की" म्हणताना माझी जीभ अडखळली... आज त्याला दीड-दोन महिने झाले, अजून अडखळते.

म्हैसूरच्या मराठी घरातला मुलगा समुद्रावर कसा गेला, असं लोक विचारतात. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. आमचा संबंध घोड्यांशी, पाण्याशी मुळीच नाही. कॉलेजात कॅडेट असताना दत्तू धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी चालवायला शिकला आणि बिघडला तो तिथेच. आधी मालवाहू जहाजांवर नोकरी केली. मग एका परदेशी बंदरात, समुद्राला कंटाळून घरी निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून त्यांची जुनी शिडाची बोट घेतली आणि नोकरी सोडली. लग्न केलंच नाही. बोट म्हणजे केवढी? आमच्या स्वयंपाकघरातून निघून पडवीपर्यंत चालत गेलं की संपली. तेवढ्या बोटीतून हा एकटा एका खंडाकडून दुसऱ्या खंडाकडे जायचा. तिचं नाव त्याने 'वरुणा' ठेवलं. परदेशातल्या लोकांना वाटे, देवाचं नाव आहे. आम्हाला ठाऊक होतं की आमच्याकडे ज्या गावाहून दूध येतं त्याचं ते नाव.

दोन-तीन वर्षांनी एकदा तो घरी येई. जाताना मी चटणीपुडी, रागीचं पीठ, चिंचेचे गोळे बांधून देई. बोटीत गोडं पाणी मोजूनमापून, म्हणून आंघोळ समुद्राच्या पाण्याने करायची आणि शेवटी एक तांब्या गोडं पाणी अंगावर घ्यायचं, ही त्याची सवय. घरीही तो एका तांब्यात आंघोळ उरकून बाहेर येई आणि आई त्याला परत आत पिटाळी. एकदा मी विचारलं, "महिना महिना तिथे एकटा तू करतोस तरी काय?" तो म्हणाला, "रिपेरी, आक्का. सकाळी एक वस्तू मोडते, सायंकाळपर्यंत ती नीट करायची. मग दुसरी मोडते." सुकाणू वाऱ्यावर चालणारं एक पातं सांभाळतं, माणसाने फक्त मोठ्या जहाजांवर नजर ठेवायची, शिवणटिपण करायची आणि भात शिजवायचा, एवढंच म्हणे. "मग जातोस कशाला?" यावर त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "गोत्तिल्ला." म्हणजे ठाऊक नाही. तेव्हा मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. आता वाटतं, त्याला खरंच ठाऊक नसावं. मलाही कळलेलं नाही.

तो पहिल्यांदा गेला ती मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. एका बेटावरून पत्र आलं, आता निघतोय, महिन्याभरात कोचीला लागेन. त्यानंतर काहीच नाही. पुष्कळ महिन्यांनी कुठल्याशा बंदरातल्या अधिकाऱ्याने कळवलं की भर समुद्रात 'वरुणा' लिहिलेलं जीवरक्षक कडं तरंगताना सापडलं, बोट सापडली नाही. थोरले काका म्हणाले, बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबतात, इथे तर खूण मिळालीय, पोराचा जीव कशाला अडकवून ठेवायचा. श्रीरंगपट्टणला कावेरीच्या काठी दर्भाचा माणूस करून त्याचं दहन केलं. दहाव्याला पिंड ठेवून आम्ही मागे सरलो न सरलो तोच कावळा शिवला. समाधानाने गेला, असं सगळे म्हणाले. मी इतकी रडले की स्वयंपाक जमेना, शाळेत वर्गासमोर उभं राहवेना. माझा प्रकाश तेव्हा लहान होता, तो माझ्याकडे यायला घाबरे.

पुढच्या वर्षी एका दुपारी फाटक वाजलं. दाढी वाढलेली, अंग काळवंडलेलं, खांद्यावर पिशवी. "आक्का, ऊट आहे काय? फार हसिवु लागलीय." भूक लागलीय म्हणतोय हे कळलं, म्हणून मी मुकाट्याने पान वाढलं. जेवण झाल्यावर त्याने सांगितलं की डोलकाठी मोडली, लाटेने अर्धं सामान नेलं, उरलेल्या बुंध्याला लहानसं शीड बांधलं. वारा हिंदुस्थानाकडे न्यायला तयार नव्हता, म्हणून नेईल तिकडे गेला. ज्या किनाऱ्याला लागला तिथे आधी ताप, मग रिपेरी. पत्रं लिहिली होती, ती कुठे गेली देव जाणे. मग मी आमच्याकडे काय झालं ते सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "कावळा शिवला काय?"

"लगेच."

"अय्यो," तो म्हणाला, "मला तर केवढ्या इच्छा होत्या."

क्रियाकर्म झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं, असं आमच्या जोइसांनी, म्हणजे भटजींनी, पोथी बघून सांगितलं. म्हणून मग त्या दाढीवाल्याचं बारसं झालं. झोपाळ्यावर बसवून त्याच्या कानात नाव मी सांगितलं, आत्या हयात नव्हती म्हणून. गल्लीत पेढे वाटले. तीन महिन्यांनी स्वारी परत समुद्रावर. त्यानंतर त्याची खबर नाही आली तरी घरात कुणी काळजी करेना. येईल, म्हणायचं आणि कामाला लागायचं.

गेल्या वर्षी आला तो हृदय थकवूनच. बोट कुठल्याशा बंदरात किनाऱ्यावर चढवून ठेवली होती आणि पावसाळ्यानंतर जायचे बेत चालले होते. एका सकाळी कॉफी पिऊन माझ्यासमोरच आडवा झाला तो उठला नाही. ह्या वेळी विधी प्रकाशने केले, त्याच काठावर. आणि कावळा येईना. समोरच्या कठड्यावर चांगले तीन-चार बसलेले, पण एकही खाली उतरेना. "बोट विकणार नाही, मामा," प्रकाश म्हणाला. मग म्हणाला, "विकतो, चांगल्या माणसाला देतो." मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला काय सांगावं सुचेना, कारण ह्या माणसाला काय हवं होतं ते मला कधीच कळलं नव्हतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा झडप घालून आला आणि मेलेल्याच्या पिंडाकडे फिरकला नाही. याचा अर्थ कुणाला लागत असेल तर सांगा. मला लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे, मला रडूच येईना. दत्तूच्या वाट्याचं सगळं रडणं मी तो कुठेतरी जिवंत असतानाच उधळून बसले की काय, ह्याची मला भीती वाटू लागली. जेवणाच्या वेळी फाटकाकडे मात्र लक्ष जाई...

बोटीत झोपायच्या जागेला कडेने फळी लावतात, बोट कलली तरी माणूस पडू नये म्हणून. दत्तूला घरीही तशी फळी लागे, तिला पाठ टेकल्याशिवाय झोप येत नसे. तो आला की लष्कर मोहल्ल्यातला नंजुंड सुतार मधल्या खोलीतल्या पलंगाला ती बसवून देई, तो गेला की काढी. गेल्या आठवड्यात प्रकाशने नंजुंडला बोलावलं आणि काय झालं ते सांगायचं राहून गेलं. नंजुंडने फळी काढली, भिंतीशी उभी केली, स्क्रू कागदात बांधले आणि नेहमीसारखं कन्नडमध्ये विचारलं, "भोकं तशीच ठेवतो, आक्का. राव आता कधी येतात?"

प्रकाश बोलायला गेला. त्याच्या आधी मी बोलले. "येत नाहीत," मी म्हटलं. "भोकं बुजवून टाक."

नंजुंड माझ्याकडे बघत राहिला. पिशवीतून लांबीचा गोळा काढला, बोटाने एकेक भोक भरलं आणि वरून अंगठा फिरवला. पलंगाची कड धरून मी रडायला लागले आणि ते काही केल्या थांबेना. "ओलं आहे, आक्का," तो हलकेच म्हणाला, "उद्यापर्यंत हात लावू नका." मी हात काढला नाही.