जामच्या फाट्यावरचा वर्ग

चंद्रभान ढोले वर्ध्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. १९८१ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, तेव्हा त्यांच्या सिंदी मेघे गावातल्या दोघा-तिघांनी नव्या डॉक्टरांना पोटदुखीवर औषधही विचारलं. प्रबंधाचा विषय समजावून सांगायची मात्र पंचाईत होती. महायुद्धानंतर अर्थशास्त्र शिकवण्याची तऱ्हा कशी पालटली, त्यात गणित कसं शिरलं, नियोजन कसं आलं, आपल्या कॉलेजांपर्यंत त्यातलं काय पोचलं, याचा तो इतिहास होता. एवढं ऐकेपर्यंत समोरचा माणूस जांभई देई.

या विषयाची खोड त्यांना लावली ती त्यांच्या वासुदेवराव सरांनी. पन्नासच्या दशकात बाकीचे प्राध्यापक परदेशी पुस्तकांतून टिपणं सांगत, तेव्हा सर अख्खा वर्ग घेऊन हमरस्त्यावरच्या जाम गावच्या फाट्यावर जात. गाडीवानांना, ट्रकवाल्यांना विचारा म्हणत, माल कुठला, भाव कोण ठरवतो. मग वर्गात पुस्तकातला बाजार आणि जामचा बाजार यांचं भांडण लावून देत. चंद्रभानांनी प्रबंधात त्यावर एक प्रकरण लिहिलंही होतं, आणि ते त्यांचं सगळ्यांत आवडतं होतं.

पण प्रबंध तपासताना मार्गदर्शक म्हणाले, "ही सहल झाली. हे ठेवलंत तर परीक्षक हसतील."

चंद्रभानांची बढती पीएच.डी.वर अडली होती. त्यांनी प्रकरण तर गाळलंच, वर त्या जागी स्वतःच्या हातानं लिहिलं, "या भागात नव्या विचारांची दखल कोणी घेतल्याचे आढळत नाही." ते वाक्य मार्गदर्शकांना फार आवडलं.

पेढे घेऊन ते सरांकडे गेले तेव्हा प्रबंध बरोबर न्यावाच लागला. काचबिंदूनं सरांची नजर गेली होती. त्यांनी बाडावरून हात फिरवला.

"जामचं आलं का रे याच्यात?"

"आलं ना सर."

"मंग वाच."

चंद्रभानांनी उघडलं ते नेमकं 'आढळत नाही' लिहिलेलं पान. खरं सांगून टाकावं असं मनात आलं, पण सरांचा चेहरा पाहून धीर झाला नाही. मग पानावर नजर ठेवून ते मनचं वाचू लागले. महायुद्धानंतरचं अर्थशास्त्र या जिल्ह्यात पहिल्यांदा तपासून पाहिलं गेलं ते जामच्या फाट्यावर, ते तपासणाऱ्या शिक्षकाचं नाव वासुदेवराव. वाचता वाचता वाक्यं आपोआप जुळत गेली. सर मान डोलवत होते, डोळे पुसत होते. चंद्रभानांना आपलीच किळस आली.

पान मिटताना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. सरांची मुलगी प्रमिलाबाई होती. शाळेत शिकवायची. हातात पाण्याचा गडू होता आणि नजर पानावर.

"प्रमिला, दिसलं का माह्यं नाव?"

तिनं गडू खाली ठेवला. "हो बाबा. छापल्यावानी टाइप केलं आहे."

चंद्रभान निघाले तशी ती मागोमाग ओट्यावर आली. आवाज चढवला नाही.

"भाऊ, बाबा आता रोज हेच वाचाले लावतीन. तुम्ही वाचलं ते मले लिहून देजा."

तिनं शाळेच्या वहीचा कोरा कागद पुढे केला. चंद्रभान तिथंच ओट्यावर टेकले आणि मान खाली घालून लिहू लागले. आत सर शेजारच्या नत्थूजींना पेढा देत सांगत होते, "इतके पोरं शिकवले, पण हा विसरला नाई."