त्यांनी मला जाऊ दिले नाही

श्री. चनबसप्पा कलशेट्टी यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असे सत्कार समितीने कळवले तेव्हा मी आधी नाही म्हणालो. अशा लेखात गोड लिहावे लागते आणि सरांविषयी माझ्याजवळ गोड असे फारसे काही नाही. शेवटी सरांनाच विचारले. ते म्हणाले, "लिहा शिंदे. झालं तसं लिहा. गोड लिहिणारे समितीकडे पुष्कळ आहेत." म्हणून लिहितो आहे.

आमची पहिली भेट आखातातल्या एका तेलक्षेत्रावर झाली. मी बार्शी तालुक्यातला, फिटर. माझा धाकटा भाऊ पांडुरंग माझा मदतनीस म्हणून बरोबर आला होता. कंपनीच्या गाडीतून उतरून सामान खाली ठेवतो न ठेवतो तोच एक उंच गृहस्थ समोर आले आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "वारा कुठून येतोय?" मला ती चेष्टा वाटली. पांडू हसून म्हणाला, "वारं काय, सगळीकडनंच येतंय की." ते हसले नाहीत. "कामावर आलात की आधी वाऱ्याकडं बघायचं, मग कामाकडं," एवढे सांगून ते निघून गेले. हे कलशेट्टी सर. ते दुधनीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, हे नंतर कळले, तरी माझ्या मनातली अढी गेली नाही. माणूस शिष्ट आहे असेच वाटत राहिले.

विहिरींवरच्या कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी सरांवर होती. तिथे तेलाबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा वायू वर येई. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला की नाक बधिर होते, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते संकट टळले. सर प्रत्येक पाळीला बजावत, "वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. तुमचं नाक गेलं." हा वायू वाऱ्याबरोबर पसरतो आणि हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात साचतो. तोंडाला ओला पंचा बांधून काही होत नाही. पाठीवर हवेचे नळकांडे आणि तोंडावर मास्क हवा. असे मास्क कंपनीकडे होते. पण कामगार नासधूस करतील म्हणून ते कपाटात कुलपाखाली असत आणि किल्ली लांब कॅम्पात, भांडारप्रमुखांच्या खिशात. किल्ली विहिरीवर ठेवा म्हणून सर वरिष्ठांशी सतत भांडत. "लागेल तेव्हा देऊ," असे उत्तर मिळे.

ती लागली तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. विहिरीच्या तोंडाशी एक खोल खड्डा होता. झडप आवळायला पांडू त्यात उतरला आणि उतरल्या जागी कोसळला. ओरडलासुद्धा नाही. मी धावलो. खड्ड्याच्या काठापाशी मागून कुणीतरी मला कमरेला मिठी मारून पाडले आणि माझ्यावर पडून राहिले. ते सर होते. ते कानडीत ओरडत होते, "होगब्याड! होगब्याड!" म्हणजे जाऊ नकोस. मी त्यांच्या मनगटाला चावलो. त्यांनी सोडले नाही. मला तसेच दाबून धरून ते इतरांना किल्लीसाठी पिटाळत होते आणि कुणालाही काठाजवळ येऊ देत नव्हते. मला तिथून पांडूची पाठ दिसत होती.

किल्ली आली. सरांनी मास्क चढवला, स्वतः खाली उतरले आणि पांडूला खांद्यावर टाकून वर आणले. तो संपला होता. त्यानंतर पुष्कळ दिवस मी असेच म्हणत असे की कंपनीच्या गॅसने नव्हे, कलशेट्टींनी माझा भाऊ मारला.

पुढे चौकशी झाली. मयत कामगार परवानगीशिवाय खड्ड्यात उतरला, असे सर्वांनी सांगावे अशी कंपनीच्या साहेबांची इच्छा होती. बहुतेकांनी तसे सांगितले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांची घरे त्या पगारावर चालत होती. सर उठून म्हणाले, "परवानगी होती. मास्क नव्हता. कपाटाला कुलूप होतं."

साहेब म्हणाले, "सुरक्षिततेचं काम तुमचं होतं. मग दोष तुमचाच."

"माझाही आहे," सर म्हणाले. "पण कुलूप मी लावलेलं नाही."

पांडूच्या शवपेटीबरोबर ज्या विमानाने मी परतलो, त्याच विमानाने कंपनीने सरांनाही कायमचे परत पाठवले. वाटेत आम्ही बोललो नाही. मला वाटले होते की ते परस्पर दुधनीला जातील. ते सरळ आमच्या गावी आले. अंत्यविधी झाल्यावर आईसमोर बसले आणि घडले ते सगळे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. मला धरून ठेवल्याचेही सांगितले. आई म्हणाली, "ज्याला धरलं त्याला आणलंसा. ज्याला धरलं न्हाय, त्याचं काय?"

आमच्या घरी सर नुसते पाणी पिऊन उठले.

त्यानंतर त्यांना कुठल्याही कंपनीने घेतले नाही. आखातात माणसे पाठवणाऱ्या एजंट लोकांत नाव फिरले होते. काही काळ ते दुधनीला भावाच्या आडत दुकानात बसले. मग सोलापुरात, नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर, आखातात निघालेल्या पोरांसाठी त्यांनी मोफत वर्ग सुरू केला. एक दिवस मला त्यांचा निरोप आला. मी गेलो तो भांडायच्या तयारीनेच. सर म्हणाले, "पडलेल्याच्या मागं उडी मारू नका, असं मी सांगतो. पोरं मान हलवतात, पण त्यांना ते पटत नाही. तुम्ही सांगाल का? नाही म्हणालात तरी चालेल."

मी सांगितले. तेव्हापासून प्रत्येक तुकडीला सांगतो आहे. मी सांगत असताना दर वेळी सर खिडकीशी पाठमोरे उभे असतात.

शहरातल्या एका बड्या एजंटाने आपल्यामार्फत जाणाऱ्या पोरांना या वर्गाला यायला बंदी केली. "तो म्हातारा भ्या दाखवतोय. तिकडं गेलं की सगळं मिळतंय," असे ते सांगत. वर्गात कधी कधी आम्ही दोघेच बसून राहायचो. तेच गृहस्थ आज सत्कार समितीवर आहेत आणि सरांच्या खांद्यावर शाल तेच घालणार आहेत. समितीने हा मजकूर गाळू नये, ही विनंती. सरांची याला हरकत नाही. मी विचारून घेतले आहे.

वर्गाचा उपयोग काय झाला, असे विचारणारे भेटतात. राजय्या नावाचा विणकर घरातला मुलगा हा वर्ग करून आखातात गेला होता, तो दोन वर्षांनी रजेवर आला तो थेट माडीवर. तिकडे एक जण टाकीत पडला होता. त्याचा भाऊ मागे उडी मारायला निघाला, त्याला राजय्याने धरून ठेवले. "तो जगला, सर. पण माझ्याशी बोलत नाही. खोलीपण बदलून घेतली त्यानं."

"बोलेल," सर म्हणाले. "वेळ लागतो." ते माझ्याकडे पाहत नव्हते. मीच उठून राजय्यासाठी चहा सांगायला खाली गेलो.

सरांना मी क्षमा केली का, हा प्रश्न आता मला पडत नाही. त्यांनी केले ते बरोबर होते, हे मी रोज शिकवतो. तरी त्या दुपारची आठवण आली की माझे शरीर अजून पुढेच धावते, आणि कमरेला त्यांचे हात असतात. माझी बायको, माझी दोन मुले त्या हातांमुळे आहेत. हे मी त्यांना तोंडाने कधी सांगू शकलो नाही, म्हणून इथे छापून ठेवतो.

सरांना अलीकडे खोकला आहे, जिना चढताना थांबावे लागते. ते उदंड जगावेत असे मनापासून वाटते, पण मागणे मागायचा अधिकार माझ्यापेक्षा आईचा मोठा. गेल्या आठवड्यात तिला सांगितले की सरांना साठ वर्षे पूर्ण होताहेत, त्यांचा सत्कार आहे. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "माज्या पांडूचं राह्यलेलं वय त्यास्नी लागू दे. आन् त्यातला एक दिस बी त्यांनी बसून काढू नये, म्हणावं."