जेवणानंतरचं रीडिंग

माझं काम काय ते लोकांना सांगताना माझी कायम पंचाईत होते. बसमध्ये मांडीवर पिवळा बॉक्स घेऊन बसलो की शेजारचा हमखास विचारतो, "काय हाय ओ ह्याच्यात?" पूर्वी मी इमानदारीत सांगायचो. लेसर आहे, स्टँडवर बसवलं की गोल फिरतं, त्याची रेघ चारी बाजूंना जाते आणि त्या रेघेवरून फरशीचा, रस्त्याचा, नालीचा उतार धरतात. एवढं सांगून होईपर्यंत तो माणूस खिडकीबाहेर बघत असायचा. आता मी म्हणतो, मिक्सर हाय, बहिणीला द्यायलोय. विषय मिटतो. मला बहीण नाही.

नांदेडला माझी एक खोली आहे आणि लातूरला दुसरी. दोन्हीकडे एक गादी, एक बादली आणि भिंतीला शर्ट अडकवायला खिळा. लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा फिसकटलं, कारण मुलीकडच्यांनी विचारलं, राहता कुठं, आणि मला धड एका गावाचं नाव घेता आलं नाही. मूळ गाव देवणीकडचं. तिथं आता भाऊ राहतो. मी गेलो की वहिनी पाहुण्याला वाढावं तसं ताट वाढते, वर पापड तळते. तिची काही चूक नाही, मानच देते बिचारी. पण ते ताट बघितलं की मला उठून परत निघावंसं वाटतं.

कामही एकट्याचंच. सगळ्यांच्या आधी साइटवर जायचं, घट्ट जमीन बघून स्टँडचे तीन पाय रोवायचे, वर मशीन बसवायचं, उताराचा आकडा टाकायचा, आणि ते फिरायला लागलं की दिवसभर त्याच्या राखणीला उभं राहायचं. खरं काम दुसऱ्या टोकाला चाललेलं असतं. तिथं दीडशे-दोनशे फुटांवर एक माणूस स्टाफ घेऊन उभा असतो. स्टाफ म्हणजे उंची मोजायची लांब पट्टी. तिच्यावर रिसिव्हर लावलेला असतो. रेघ त्याच्या वर-खाली गेली की तो टिकटिक करतो, बरोबर लागली की सलग वाजतो. वाजला की स्टाफवाला हात आडवा करतो आणि गवंडी तेवढ्या उंचीला काँक्रीट ओढून घेतो. मी इकडून मान हलवतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझं एवढंच बोलणं होतं.

साडेतीन वर्षं माझ्याबरोबर एकच स्टाफवाला होता. पन्नाशी उलटलेला, किल्लारीजवळच्या खेड्यातला, अंगानं काटक माणूस. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला सायब. भूकंपानंतर गावं नव्यानं उभी राहिली तेव्हा ते तरणेबांड होते आणि त्याच कामांवर पाण्याच्या नळीनं लेव्हल काढायला शिकले होते. माझ्या मशीनवर त्यांचा भरवसा अर्धाच. "नळीतलं पाणी डोळ्याला दिसतंय सायब," म्हणायचे, "ह्याच्या पोटात काय चाललंय कुणाला म्हाईत?" म्हणून त्यांची एक सवय होती. जेवण झालं की कुणी न सांगता स्टाफ घेऊन बेंचमार्कवर जाऊन उभे राहायचे, म्हणजे सकाळी ज्या पक्क्या खुणेवरून उंची धरली त्या जागेवर. सकाळचंच रीडिंग परत आलं तर मशीन जागचं हललेलं नाही. तसा हा नियमच आहे. पण गुमान नियम पाळणारा दुसरा माणूस मला या धंद्यात अजून भेटलेला नाही.

जेवायला आम्ही एकत्र बसायचो. ते भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे सरकवायचे, मी खानावळीच्या डब्यातली पातळ भाजी त्यांच्यापुढे करायचो आणि ते तिला नावं ठेवायचे. "ह्यात वांगं पवून गेलंय काय नुसतं?" बोलणं फार नव्हतंच. पण दिवसातला तो अर्धा तास माझ्यासमोर कुणीतरी बसलेलं असायचं, आणि मला तेवढं पुरायचं.

त्यांना ऐकू येत नाही हे मला नांदेडला कळलं. एका कारखान्याच्या शेडचं काम होतं. मामा स्टाफ धरून उभे आणि मागून जेसीबी उलटा येत होता. त्याचा रिव्हर्सचा आवाज कोकलत होता, ड्रायव्हर वरून ओरडत होता, आणि हा माणूस शांत. मी धावत गेलो आणि दंडाला धरून ओढलं, तेव्हा ते दचकले. मी शिव्याच घातल्या. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सायब, कान गेल्यात दोन वर्षं झालं. आयुष्यभर व्हायब्रेटर अन् ब्रेकरजवळ उभारलो न्हवं. कुणाला बोलू नका. गेटच्या आत घेनार न्हाईत मला."

खरंच घेतलं नसतं. मागून गाडी आलेली ज्याला कळत नाही त्याला कुठलाही सुपरवायझर साइटवर ठेवत नाही. आणि मामांना घरी बसायचं नव्हतं. पोरगा पुण्याला, घरी सून आणि नातवंडं, खायला काही कमी नव्हतं. "पर घरी बसलं की मानूस गाठोडं हुतंय," ते म्हणायचे, "हितनं उचलून तिथं ठिवत्यात." मी शब्द दिला, कुणाला बोलणार नाही. त्यानंतर मी त्यांच्या पाठीकडे डोळा ठेवायला लागलो, गाडी आली की हात करायचो. कामात तर त्यांची कधी चूक झाली नाही. रिसिव्हरवर बारका पडदा असतो, त्यात वर-खालीचे बाण दिसतात. उन्हात ते दिसत नाहीत म्हणून मामा डोक्यावरचा टॉवेल त्याच्यावर धरून बघायचे. लोकांना वाटायचं म्हातारा ऊन टाळतोय.

मग लातूरला औसा रोडवर सोयाबीनच्या गोडाऊनचं काम आलं. गोडाऊनपुढे काँक्रीटचं मोठं आवार करायचं होतं, उतार शटरपासून बाहेरच्या नालीकडे. सगळी काळी जमीन. तिथं मशीन उभं करायचं म्हणजे डोक्याला ताप. वाळली की दगड, आणि जरा पाणी लागलं की लोणी. मशीनमध्ये एक अलार्म असतो. स्टँड हलला, उंची बिघडली की मशीन आपोआप थांबतं. पण त्या दिवशी मिक्सरची गाडी जवळून गेली की जमीन हादरायची आणि अलार्म वाजायचा. तासाभरात पाच वेळा मशीन थांबलं. सुपरवायझर माझ्या अंगावर धावून आला. मलाही राग आला, त्याचाही आणि मशीनचाही. मी अलार्म बंद करून टाकला.

दुपारी जेवून उठलो तोवर दोन गाड्या काँक्रीटचा माल घेऊन उभ्या होत्या. मामा नेहमीसारखे बेंचमार्कवर जाऊन उभे राहिले, स्टाफ सरळ धरून, माझ्याकडे बघत. सुपरवायझर बोंबलत होता, माल सेट व्हायलाय म्हणून. मी मामांना हात केला, सोडा, इकडं या. ते हलले नाहीत. मी परत हात केला, जरा जोरात, वैतागून. मग ते आले. त्या दुपारी आम्ही शटरजवळचा सगळा पट्टा ओतला.

संध्याकाळी सामान आवरताना मी स्टँड उचलला तर दोन पाय वर येईनात. काँक्रीटवर मारायच्या पाण्याचा पाइप कुठंतरी गळत होता आणि ते पाणी मातीखालून माझ्या स्टँडपर्यंत आलं होतं. पाय बोट-दोन बोट नाही, चांगले खोल गेले होते. एकदम नाही, दुपारभर हळूहळू. मशीन स्वतःला सरळ करून घेतं, त्यामुळे उतार बरोबर होता, पण रेघच खाली आली होती, आणि तिच्याबरोबर शटरजवळचा पट्टाही. जेवणानंतर रीडिंग घेतलं असतं तर सूतभर तरी फरक दिसला असता आणि मी स्टँड हलवला असता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मामा नळावर हातपाय धूत होते. मी बुटानं माती ओढून ती दोन्ही भोकं बुजवली आणि वरून दाबली.

चार दिवसांनी टँकर आणून पाणी सोडून बघितलं. पाणी अर्ध्यातून नालीकडे गेलं आणि बाकीचं शटरपुढे साचलं, इंचभर. त्यात शटरचं प्रतिबिंब दिसत होतं. सगळा पट्टा फोडावा लागणार होता.

सुपरवायझरनं मला केबिनमध्ये बोलावलं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. या भागात लेसरवाले मोजके आणि साइटवाले एकमेकांना ओळखणारे. एकदा नाव खराब झालं की कुणी बोलावत नाही. तो म्हणाला, "मशीन बरोबर हाय का?" मी म्हटलं, "मशीन बरोबर हाय." हे खरं होतं. मग त्यानं विचारलं, "त्या मामाला मी दोनदा हाक मारली, बघितलंच न्हाई त्यानं. त्याला ऐकू येतंय ना रिसिव्हर?"

मी टेबलावरच्या काचेकडे बघितलं. म्हटलं, "कमी येतंय."

तेही खरंच होतं. एवढ्यावर भागलं. पुढं त्यानं एक शब्द विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मामांना गेटवरच थांबवलं. मी आत स्टँड लावत होतो, लांबून दिसत होतं. वॉचमन काहीतरी सांगत होता, ते त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होते. मग त्यांनी आत माझ्याकडे बघून हात वर केला. मीही केला. त्यांनी जेवणाची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि औशाच्या बसच्या दिशेनं चालायला लागले. मी जायला पाहिजे होतं. दोनशे फूट अंतर होतं. मी मशीन सोडून जाता येत नाही असं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर चार-पाच स्टाफवाले झाले. पोरं चांगली आहेत, पण कानात गाणी असतात आणि जेवायला आपापल्यात बसतात. जेवणानंतरचं रीडिंग आता मी स्वतः जाऊन घेतो, स्टाफ बेंचमार्कला टेकवून एकटाच, आणि मला लई एकटं वाटतं. खोलीवर येऊन दार लावलं की त्या बुजवलेल्या मातीची आठवण येते. सात-आठ महिने असे काढल्यावर एका रविवारी मी औशाहून जीप धरली आणि मामांच्या गावाला गेलो. सांगूनच टाकायचं ठरवलं होतं. तुमची चूक नव्हती, माझी होती, एवढं. पाहिजे तर त्यांना घेऊन सुपरवायझरकडे जायचीही तयारी होती, निदान जीपमध्ये बसेपर्यंत तरी.

पुनर्वसनातलं घर, पुढे पत्र्याची सावली, तिथं बाजेवर मामा बसले होते. वाळले होते. मला बघून उठले, दोन्ही हात धरले, "सायब, कसं काय वाट चुकलाव?" आता ते खूप मोठ्यानं बोलत होते. सून आतून डोकावली, "या दादा, बसा," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं.

मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. स्टँड खचला होता. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोललो. नेहमीच्याहून जरा हळूच. समोर बसून तोंड त्यांच्याकडे करून बोललो असतो तर त्यांना ओठांवरून कळलं असतं. त्यांना वाचताही येतं, कागदावर लिहून देता आलं असतं. मी अंगणाकडे बघत बोललो, आणि बोलतानाच मला माहीत होतं की त्यांना ऐकू जात नाही.

"हाव, हाव," मामा म्हणाले. "औंदा तूर बरी हाय."

सून चहा घेऊन आली. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिला मोठ्यानं सांगायला लागले, "ह्येच ते सायब. माझं कान गेल्यालं ह्यास्नी आधीपासनं म्हाईत हुतं. पर कुणाला म्हून बोलले न्हाईत बघ शेवटपतोर. दुसरा असता तर कवाच सांगून मोकळा झाला असता."

"मामा सारखं सांगत असत्यात तुमचं," ती मला म्हणाली आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला.

मी तो प्यायलो.